इराणला कबड्डी शिकविणाऱ्या बाई

२४ ऑगस्ट २०१८ ची गोष्ट. इंडोनेशियाची राजधानी जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या आणि त्या दिवशी महिला कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. निकाल लागला तो असा : इराण २७, भारत २४. त्याआधी २०१० साली ग्वांगझौला आणि २०१४ साली इंचॉनला ज्या सुवर्णपदकावर आपल्या मुलींनी नाव कोरले होते, ते पदक तीन गुणांनी हातचे गेले. सामना संपल्यावर आपल्या मुली मैदानातच रडू लागल्या. तिकडे इराणच्या मुली मात्र एका साठी ओलांडलेल्या बाईंच्या गळ्यात पडत होत्या. त्या बाई इराणच्या नव्हत्या. त्या आपल्या नाशिकच्या, मराठी बोलणाऱ्या शैलजा जैन. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक.

वाचकहो, ही बातमी त्या वेळी तुम्हीही वाचली असेल. दोन दिवस तिची चर्चा झाली आणि मग नेहमीप्रमाणे ती विसरली गेली. मी इतिहासाचा प्राध्यापक. क्रीडावार्ता हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु २७ आणि २४ या दोन आकड्यांच्या पाठीमागे निदान शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे असे मला वाटते, आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग महाराष्ट्रात घडलेला आहे. म्हणून हा विषय मी आज घेतला.

आपल्या भंडारा जिल्ह्यात धान कापून घरी आले, दिवाळीनंतरच्या मंडया सुरू झाल्या, की रिकाम्या बांधीत किंवा तलावाच्या पाळीखालच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा पडतात आणि कबड्डीचे सामने रंगतात. जुनी माणसे त्याला अजून हुतूतूच म्हणतात. तमिळ मुलखात हाच खेळ चेडुगुडु, बंगालकडे हाडूडू. नावे निराळी, दम एकच. महाराष्ट्रातच याचे तीन प्रकार होते. बाद झालेला गडी समोरचा गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होई ती संजीवनी. बाद झाला तो डाव संपेपर्यंत बाहेरच राही ती गामिनी. आणि बाद झाला तरी मैदानातच राहून फक्त गुण मोजले जात ती अमर. नावे पाहा कशी पुराणातली वाटतात! पण खेळायला बसले की भांडणे व्हायची, कारण एका गावचा नियम दुसऱ्या गावाला मान्य नसे.

या खेळाला नियमांत बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात झाले आणि ते प्रामुख्याने मराठी मंडळींनी केले. पुण्याचा डेक्कन जिमखाना, बडोद्याचा हिंदविजय जिमखाना यांनी त्यात पुढाकार घेतला. १९२३ साली बडोद्याला नियमबद्ध सामने भरले. आणि आपल्या विदर्भाने तर हा खेळ थेट युरोपात नेऊन दाखविला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले होते. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. पुढे १९५० साली अखिल भारतीय कबड्डी संघटना उभी राहिली. ज्यांना आपण कबड्डीमहर्षी म्हणतो ते शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी तर या खेळासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै हा महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

आता यात मुली कोठे होत्या? हा प्रश्न माझ्या वर्गात एकदा एका विद्यार्थिनीने विचारला आणि तो रास्त होता. आतापर्यंत मी सांगितलेली सारी नावे पुरुषांची आहेत. मातीत लोळणे, एकमेकांच्या अंगावर पडणे, मांडीवर थाप मारणे, हे सगळे मुलीच्या जातीला शोभत नाही अशी समजूत शहरात होती तशी खेड्यातही होती. गंमत अशी की ज्या खेड्यातल्या बायकांना कबड्डी झेपणार नाही असे आपण समजत होतो, त्याच बायका आषाढात दिवसचे दिवस कमरेत वाकून चिखलात रोवणी करीत होत्या. कोपरारक्षक ज्या पवित्र्यात उभा राहतो, गुडघे किंचित मोडलेले, पाठ वाकलेली, नजर समोरच्याच्या पावलावर, तो पवित्रा आमच्याकडच्या बाईला शिकवावा लागत नाही. तिला मैदानात येऊ देण्याचीच अडचण होती.

ही अडचण हळूहळू दूर झाली. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला झाली, तर महिलांची १९५५ साली कलकत्त्याला. तीन वर्षांचे अंतर म्हणजे त्या काळाच्या मानाने फार नव्हे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली या बाजूला तालमी आणि क्रीडामंडळे यांच्या आश्रयाने मुलींचे संघ उभे राहिले. पुढे शकुंतला खटावकर, माया काशिनाथ अशांना अर्जुन पुरस्कार मिळाले आणि खेळून मुलीचे नाव होते हे घराघरांत कळू लागले. रेल्वेने खेळाडू मुलींना नोकऱ्या दिल्या हे आणखी एक कारण. आपण आदर्शाच्या गोष्टी कितीही बोललो तरी कबड्डी खेळली तर पोरीला रेल्वेत चिकटता येते, हे बापाला पटल्यावरच पुष्कळ मुलींच्या घरचा विरोध मावळला. यात लाजण्यासारखे काहीच नाही.

एक गोष्ट मात्र बराच काळ तशीच राहिली. खेळणाऱ्या मुली, पण शिकविणारे बहुतेक पुरुष. यात त्या पुरुषांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. संध्याकाळी कचेरीतून सुटून, पदरचे पैसे घालून पोरींना खेळविणारे कितीतरी गुरुजी होऊन गेले, त्यांच्यावाचून हा खेळ मुलींपर्यंत पोहोचलाच नसता. पण कबड्डी शिकविणे म्हणजे फळ्यावर आकृत्या काढणे नव्हे. चवडा कसा धरावा, पट कसा काढावा, चढाई करणारी वळली की तिच्या कमरेला मिठी कोणत्या क्षणी घालावी, हे अंगाला अंग लावूनच शिकवावे लागते. पुरुष शिक्षकाला येथे मर्यादा पडते. शिवाय घरचे लोक सरावाला पाठवायला कचरतात ते निराळेच. मैदान गाजवून झालेल्या बाईने मैदानातच राहावे आणि पुढच्या मुलींना हात धरून शिकवावे, याची म्हणून फार गरज होती. आणि नेमके तेच होत नव्हते. लग्न झाले, मूल झाले, की खेळाडू बाई घरात किंवा नोकरीत नाहीशी व्हायची आणि तिच्याबरोबर तिने पंधरा वर्षांत मिळविलेली विद्याही नाहीशी व्हायची.

शैलजा जैन या अशा नाहीशा न झालेल्या बायकांपैकी एक. त्या स्वतः खेळल्या आणि मग प्रशिक्षणाकडे वळल्या. महाराष्ट्राच्या क्रीडा खात्यात प्रशिक्षक म्हणून नाशिकला त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ मुलींना कबड्डी शिकविली. प्रशिक्षकाच्या अशा आयुष्यात वर्तमानपत्रात छापण्यासारखे फार थोडे असते. पहाटे मैदान, संध्याकाळी मैदान, मध्ये खात्याचे कागद. एखाद्या मुलीच्या बुटांची व्यवस्था, एखादीच्या आईची समजूत, जिल्हा स्पर्धा, राज्य स्पर्धा, परत पहिल्यापासून नवी तुकडी. आपण शिक्षक लोक हे जाणतो. विद्यार्थ्याचे नाव होते, मास्तराचे होत नाही, आणि तसे ते होऊ नये असेच आपण म्हणत आलो आहोत.

तथापि प्रत्येक शिक्षकाच्या मनात एक इच्छा असतेच. भारताच्या संघाला शिकविण्याची संधी मिळावी असे त्यांना वाटत होते. ती मिळाली नाही. हे काही मी तर्काने म्हणत नाही. जाकार्ताच्या विजयानंतर वार्ताहरांशी बोलताना त्यांनी स्वतःच हे मोकळेपणाने सांगितले, आणि त्याचे वाईट वाटले होते हेही सांगितले. अशा वेळी इराणकडून बोलावणे आले.

इराणनेच का बोलवावे? इराणमध्येही दम धरून खेळण्याचा ‘झू’ नावाचा एक जुना खेळ आहे, आणि कबड्डीचे मूळ आपल्याकडे आहे असा दावा तिकडचे लोक करतात. तो वाद आपण येथे बाजूला ठेवू. महिला कबड्डीत इराण २०१० सालापासूनच वर येत होता. २०१० ला ग्वांगझौला त्यांना कांस्यपदक मिळाले. २०१२ साली पाटण्याला महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात आपण इराणला २५–१९ असे हरविले. त्या भारतीय संघात आपल्या महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. २०१४ ला इंचॉनला पुन्हा तोच अंतिम सामना, भारत ३१, इराण २१. म्हणजे दर वेळी अंतिम फेरीपर्यंत यायचे आणि भारतापुढे अडायचे. त्यांच्या मुलींत ताकद होती, उंची होती, जिद्द होती. कमी होती ती आपल्याकडच्या मैदानात मुरलेल्या शहाणपणाची. तेव्हा त्यांनी ज्याचा खेळ त्याच्याकडचाच गुरू आणायचे ठरविले. आणि त्यांच्याकडे मुलींच्या सरावात पुरुषाला वावरता येत नसल्यामुळे गुरू बाईच हवी होती. जी अडचण मी मघाशी आपल्याकडची म्हणून सांगितली तीच तिकडे अधिक कडक स्वरूपात होती, आणि तिचा फायदा एका मराठी बाईला झाला!

आता कल्पना करा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाई माणसाने नातवंडांत रमावे, फार तर चारधाम करावे अशी आपल्याकडची रीत. शैलजाबाई परक्या देशात गेल्या. डोक्यावर रुमाल बांधावा लागतो, पोशाखाचे नियम पाळावे लागतात. बाई शाकाहारी, म्हणजे जेवणाची पंचाईत. भाषा फारसी. आपल्या मराठीत ‘जमीन’, ‘मैदान’, ‘शाबास’, ‘हुशार’, ‘दम’ हे सारे शब्द फारसीतून आलेले आहेत खरे, परंतु तेवढ्या भांडवलावर पकड शिकविता येत नाही. त्या फारसी शिकल्या. दुभाष्याच्या तोंडून शिकविले तर शब्द पोहोचतो, पण रागावणे आणि पाठीवर हात फिरविणे पोहोचत नाही.

तेथे त्यांनी सुमारे दीड वर्ष काम केले. सरावात योगासने आणि प्राणायाम आणला. प्राणायामाचे नाव काढले की आपल्यापैकी काहींना भाबडा अभिमान वाटू लागतो, म्हणून त्याचा नीट अर्थ सांगतो. कबड्डीच्या चढाईची मुदत तीस सेकंदांची. तेवढ्या वेळात न थांबता ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत, समोरच्या सात जणींच्या मध्ये शिरून, निदान रेषा ओलांडून परत यायचे. महिलांचे क्रीडांगण बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. त्यातले अर्धेच समोरच्यांचे, म्हणजे आठ बाय सहाचा तुकडा, आपल्या कौलारू घराच्या ओसरीहून थोडा मोठा. त्यात सात जणी आणि आठवी तुम्ही. श्वास आटोपला तर बाद, घाबरून फुकट गेला तरीही बाद. ज्या खेळाचा पायाच दम आहे त्यात श्वासावर ताबा मिळविणे ही पूजापाठाची बाब राहत नाही. ते साधे तंत्र आहे.

दुसरी गोष्ट अशी की भारतीय मुली कशा खेळतात हे त्यांना ठाऊक होते. तीन दशके तशाच मुली त्यांनी घडविल्या होत्या. आपली चढाई करणारी मुलगी कोणत्या बाजूने शिरते, बोनस रेषेकडे कधी पाय टाकते, दोघींची साखळी कोठे सैल पडते, हे शिष्याच्या अक्षरावरून मास्तर ओळखतो तसे त्या ओळखू शकत होत्या. असा माणूस समोरच्या बाजूला बसलेला असणे ही आपल्या संघापुढे एक नवीच अडचण होती. तोपर्यंत आपल्याला कोणी आतून वाचलेले नव्हते.

असे असले तरी यश लगेच आले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा इराणमध्येच, गोरगान येथे झाली. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, आणि तरी अंतिम सामन्यात इराण नव्हता. भारताने तेथे दक्षिण कोरियाला ४२–२० असे सहज हरविले. एखाद्या संघाने परदेशी प्रशिक्षकाला तेथूनच निरोप दिला असता. त्यांनी दिला नाही, आणि याचे श्रेय इराणच्या मंडळींना दिले पाहिजे.

जाकार्ताला आपला संघ जोरात होता. गटात जपानला ४३–१२, थायलंडला ३३–२३, श्रीलंकेला ३८–१२ आणि इंडोनेशियाला ५४–२२ असे हरवून आणि उपांत्य सामन्यात चिनी तैपेईला २७–१४ ने मागे टाकून आपल्या मुली अंतिम फेरीत आल्या. परंतु त्याच्या आदल्याच दिवशी, २३ ऑगस्टला, पुरुषांच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७–१८ असे हरविले होते. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आल्यापासून सलग सात सुवर्णपदके मिळविणारा आपला पुरुष संघ अंतिम फेरीपर्यंतही पोहोचला नाही. त्या धक्क्याच्या सावलीत मुलींचा सामना झाला. मध्यंतराला भारत १३, इराण ११. उत्तरार्धात इराणने १६ गुण मिळविले आणि आपण ११. शेवटच्या मिनिटांत आपल्या मुलींनी अंतर भरून काढण्याची शिकस्त केली, पण तीन गुण उरलेच.

आपल्या त्या संघात मुंबईची सोनाली शिंगटे होती, सायली केरीपाळे होती. म्हणजे या बाजूला महाराष्ट्राच्या मुली आणि त्या बाजूला महाराष्ट्राच्या बाई. सामन्यानंतर शैलजाबाईंच्या मनात काय चालले असेल? आपला देश हरल्याचे दुःख आणि आपल्या शिष्या जिंकल्याचा आनंद. दोन्ही एकदम होऊ शकतात. मुलीच्या आणि सुनेच्या भांडणात सापडलेल्या कोणत्याही आईला विचारा. आपण उत्तम प्रशिक्षक आहोत हे दाखवून द्यायचे, हा एकच हेतू मनात धरून मी इराणला गेले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तो त्यांनी लपविला नाही, आणि मला तर ते आवडले. बायकांनी कर्तृत्व दाखवावे पण अहंकार दाखवू नये अशी आपली एक सोयीस्कर अपेक्षा असते.

त्या दिवसांत काही लोकांनी नाके मुरडली. परक्याला विद्या विकली, आपल्याच मुलींना रडविले, असे बोलणे कानांवर आले. हा आरोप नवा नाही. जिमी होगन नावाचा एक इंग्रज फुटबॉल प्रशिक्षक होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो मध्य युरोपात अडकला आणि बुडापेस्टच्या तरुणांना त्याने चेंडू जमिनीवर ठेवून, एकमेकांना देत खेळायला शिकविले. मायदेशी परतल्यावर त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, गद्दार म्हणायलाही लोकांनी कमी केले नाही, आणि त्याची विद्या इंग्लंडने फारशी मनावर घेतली नाही. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६–३ असे लोळविले. युरोपातल्या परक्या संघाकडून इंग्लंड तेथे कधी हरले नव्हते. विजयानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या प्रमुखांनी त्या यशाचे श्रेय होगनला दिले. होगन स्वतः त्या दिवशी काही पोरांना सामना दाखवायला घेऊन प्रेक्षकांत बसला होता, असे सांगतात. म्हणजे फुटबॉलच्या माहेरी जे १९५३ साली घडले तेच कबड्डीच्या माहेरी २०१८ साली घडले.

बायकांच्या खेळातलेच उदाहरण हवे असेल तर कॅनडाच्या कार्ला मॅक्लाउड यांचे घ्या. बर्फावरची हॉकी हा कॅनडाचा जीव की प्राण. आमच्या भंडाऱ्यात, जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेथे त्या खेळाची कल्पना करणेही कठीण. पण आपल्याच देशातल्या लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर तो खेळतात आणि २०१६ सालापासून भारताच्या नावाने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. तर या मॅक्लाउडबाईंनी २००६ आणि २०१० अशा दोन ऑलिंपिकांत कॅनडाकडून सुवर्णपदक मिळविले, आणि खेळणे संपल्यावर शिकविणे पत्करले. २०२२ साली त्या झेक प्रजासत्ताकाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. जागतिक स्पर्धेत झेक मुलींना तोपर्यंत एकही पदक नव्हते. त्यांच्या हाताखाली २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन कांस्यपदके मिळाली, आणि दुसरे तर कॅनडाच्या भूमीवर. तरीही कॅनडाने त्यांना परके मानले नाही. २०२४ साली उत्तर अमेरिकेत महिलांची व्यावसायिक हॉकी स्पर्धा सुरू झाली तेव्हा ओटावाच्या संघाने त्यांनाच मुख्य प्रशिक्षक नेमले. त्या पहिल्या वर्षी सहा संघ होते आणि तीन संघांचे मुख्य प्रशिक्षक बायका होत्या. निम्म्या जागा! आमच्याकडे हे प्रमाण कितीसे आहे ते वाचकांनी आपापल्या जिल्ह्यापुरते मोजून पाहावे.

व्यावसायिक खेळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१४ पासून पुरुषांच्या कबड्डीची व्यावसायिक स्पर्धा आपल्याकडे चालू झाली आणि खेड्यातल्या पोरांवर लाखांच्या बोली लागू लागल्या. मुलींसाठी २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा पुरुषांच्या सामन्यांना जोडून भरविली गेली. तिचा अंतिम सामना २४–२३ असा अवघ्या एका गुणाने सुटला, म्हणजे खेळात चुरस नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. तरी ती पुढच्या वर्षी पुरुषांच्या स्पर्धेबरोबर पुन्हा भरली नाही. खेळाडूंची जेथे ही स्थिती तेथे प्रशिक्षक बाईंच्या पोटापाण्याचा विचार कोण करणार? खात्यातली नोकरी असेल तर ठीक, नाहीतर शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या तासिका. माझे स्पष्ट मत असे आहे की २०१८ चा पराभव आपल्याला इराणने दिला हे अर्धेच खरे. घरातल्या जाणत्या बाईला विचारायचे नाही आणि शेजाऱ्याने विचारले की रुसायचे, यातून तो पराभव आलेला होता.

त्याच वेळी दुसरीही बाजू आहे आणि ती नाकारणे हे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. कबड्डी ऑलिंपिकमध्ये जावी असे स्वप्न आपण बर्लिनपासून पाहत आलो. जो खेळ एकच देश जिंकतो त्याला जगाच्या जत्रेत कोण घेणार? आपण हरू लागलो तेव्हाच हा खेळ जगाचा होऊ लागला. २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी सुवर्णपदक परत मिळविले, आणि ते त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक ठरले, पण कसे? चिनी तैपेईला २६–२५ असे, एका गुणाने, हरवून. इंचॉनला जो फरक दहा गुणांचा होता तो येथे एकावर आला. बुवा साळवींच्या पिढीने खेळ पसरविण्यासाठी ज्या खस्ता काढल्या त्यांचे हे फळ आहे, गोड की आंबट ते ज्याने त्याने ठरवावे.

आणि आता इराणचीच पुढची हकीकत. मार्च २०२५ मध्ये महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा तेहरानला झाली. अंतिम सामना ८ मार्चला, भारत आणि इराण यांच्यातच. ज्या मुलींना शैलजाबाईंनी फारसीतून पकडी शिकविल्या त्यांच्या शहरात, त्यांच्या प्रेक्षकांसमोर, भारताने ३२–२५ असा विजय मिळविला. या वेळी आपल्या मुलींना शिकविणाऱ्या बाई होत्या कर्नाटकच्या तेजस्विनीबाई. २०१० आणि २०१४ च्या सुवर्णपदक विजेत्या संघांत त्या स्वतः खेळल्या होत्या. आणि संघाची कर्णधार होती सोनाली शिंगटे, सात वर्षांपूर्वी जाकार्ताला त्या तीन गुणांनी हरलेल्या संघातली.